अण्णा, टायरच्या खर्चाबद्दल

मॉन्ट्रियल,
२ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर टायरचा विषय निघाला आणि तुम्ही म्हणालात, "चारही चाकांना इंजिनचा जोर मिळतो म्हणून ही गाडी घेतलीस ना? मग आता हिवाळ्यासाठी वेगळे टायर कशाला?" तेवढ्यात आईने बाळाला बघायला फोन घेतला आणि बोलणं तिथेच राहिलं. तुम्ही सातारा डेपोत तीस वर्षं स्टिअरिंग धरलंय, तुम्हाला वरवरचं उत्तर देऊन भागायचं नाही. शिवाय एक गोष्ट वर्षभर तुमच्यापासून लपवली आहे, तीही सांगायची आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या वर्षी नोव्हेंबर संपत आला होता. इथे कोत-दे-नेज नावाचा रस्ता आहे, नावाचा अर्थच बर्फाची चढण. मों-रोयाल डोंगराच्या खांद्यावरून तो पलीकडे शहरात उतरतो. त्या रात्री दोन बोटं बर्फ पडला होता, जास्त नाही. गाडीला कंपनीतून आलेले ऑल-सीझन, म्हणजे सगळ्या ऋतूंसाठीचे म्हणून विकले जाणारे टायर होते. चढण लागली तशी बाजूच्या गाड्यांची पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि आपली गाडी मात्र काही झालंच नाही अशी वर गेली. मला फार बरं वाटलं. पलीकडच्या उतारावर खाली सिग्नल लाल झाला. ब्रेक दाबला. पायाखाली पेडल खडखडायला लागलं, एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करत होती, पण गाडी थांबेना. वेग तीस-पस्तीसच होता. स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच चालली. शेवटी घसरत घसरत उजवं पुढचं चाक फुटपाथच्या कडेला आपटलं आणि तिथे थांबली. रिम वाकली, बाकी कोणाला काही झालं नाही. पण शेजारी प्राजक्ता बसली होती आणि तिला सातवा महिना होता. दोन्ही हात पोटावर ठेवून ती बराच वेळ गप्प बसली होती. तेव्हा तुम्हाला कळवायचा धीर झाला नाही. माफ करा.

चूक काय झाली, ते मला नंतर उमगलं. इंजिनचा जोर चारही चाकांत वाटला जातो तो गाडी पुढे काढायला. ब्रेक काय, सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थांबायच्या वेळी माझ्या गाडीकडे शेजारच्या गाडीपेक्षा काहीही जास्त नाही. थांबवणारा आणि वळवणारा फक्त टायर, आणि रस्त्याला टेकतो तो त्याचा तळहाताएवढा भाग. उलट चढताना चाक एकदा जरी फिरलं असतं तरी रस्ता निसरडा आहे हे मला कळलं असतं. चारही चाकांच्या या जोराने, ऑल-व्हील-ड्राइव्हने, ती सूचना मिळूच दिली नाही. तुम्ही आंबेनळी घाटाबद्दल सांगायचात, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. चढता आलं म्हणजे उतरता येईल असं नाही, हे तुम्ही मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

आता टायरचं. तुम्ही पावसाळ्याआधी नक्षी बघायचात, टायर गोटा झालाय का ते. इथे नक्षीइतकंच रबरही बघावं लागतं. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं. ऑल-सीझनचं थोडं उशिरा, पण उणे दहा-पंधराला तेही टणक होतं आणि रस्त्याला चिकटून बसत नाही. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. दुकानात मी अंगठ्याने ठोकळा दाबला तर त्या चिरा उघडल्या. रस्त्यावर वजन पडलं की अशाच हलतात आणि त्यांच्या शेकडो धारा बर्फात रुततात. अशा टायरची सुरुवात फिनलंडच्या नोकियनने केली, १९३४ साली, आणि तीही ट्रकसाठी.

खरेदी करताना टायरच्या बाजूला बघायची ती खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. दाबलेल्या बर्फावर पकड किती, याची ठरलेली चाचणी पास झाल्याशिवाय ती मिळत नाही. पुष्कळ टायरवर नुसतं 'एम+एस' लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. त्याला तशी चाचणी लागत नाही. माझ्या ऑल-सीझनवर हीच अक्षरं होती आणि त्यांच्याच भरवशावर मी होतो. आमच्या या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च डोंगराच्या खुणेचेच किंवा खिळ्यांचे टायर लावावे लागतात, नाहीतर २०० ते ३०० डॉलर दंड. ऑल-व्हील-ड्राइव्हला त्यातून सूट नाही. माझी गाडी घसरली ती १ डिसेंबरच्या आधीच, त्यामुळे यंदा तारखेची वाट बघितली नाही. कालच टायर चढवले.

खिळ्यांचे टायर मी घेतले नाहीत. इथे ते १५ ऑक्टोबर ते १ मे वापरता येतात आणि निव्वळ काचेसारख्या बर्फावर त्यांच्याइतकं काही धरत नाही. पण शहरातले रस्ते बर्फ काढून मीठ टाकून साफ करतात, आठवड्यातले चार दिवस डांबरच असतं. त्यावर खिळे नुसते करकरत राहणार. बारा महिने चालणारे ऑल-वेदर टायरही असतात, डोंगराची खूण असलेले. जिथे बर्फ क्वचित पडतो तिथे ते पुरेसे आहेत. इथल्या चार-पाच महिन्यांसाठी, आणि आता मागच्या सीटवर बाळ असताना, मला खास हिवाळीच हवे होते.

दुकानातल्या एका पोराने सुचवलं की दोनच घ्या, पैसे वाचतील. मी नाही म्हणालो आणि डोळ्यासमोर तुमची बस आली. मागच्या जोड-टायरमध्ये एक नवा नि एक झिजलेला लावला की सगळा भार नव्यावर येतो, तो तापतो, हे तुम्ही मला डेपोत दाखवलं होतं. इथेही तसंच आहे. चार टायरचा घेर सारखा नसला तर पुढची नि मागची चाकं कमी-जास्त फिरतात आणि जोर वाटणारी यंत्रणा सतत ओढत राहते. ती बिघडली तर दुरुस्ती टायरच्या कितीतरी पट महाग. आणि पुढे मऊ, मागे कडक असं केलं तर वळणावर गाडीचं शेपूट फिरतं ते वेगळंच. त्यामुळे चारही एका कंपनीचे, एका मापाचे आणि एकाच वयाचे घेतले. टायरवर शेवटी चार आकडे असतात, तो बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. ते चारही टायरवर वाकून वाचले.

माप २२५/६०, १७ इंची रिमचं, गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच. रुंद टायरचा मोह मला होता, पण बर्फात अरुंद टायर बरा, तो बर्फ कापून खाली जातो. लोखंडी रिमसकट सगळं मिळून पंधराशे डॉलरच्या घरात गेलं. रक्कम मोठी आहे, तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण स्वतःच्या रिम असल्यामुळे दर सहा महिन्यांनी टायर काढून बसवायला लागत नाही, अख्खं चाकच बदलायचं. शिवाय हे सहा महिने आधीचे ऑल-सीझन टायर झिजत नाहीत, म्हणजे दोन्ही जोड्या जास्त वर्षं जातील.

काढलेल्या टायरवर मी खडूने 'पु.डा.', 'मा.उ.' असं लिहून तळघरात ठेवलंय, म्हणजे वसंतात कुठला कुठे होता हे कळेल. अक्षर तुमच्यासारखं वळणदार नाही आलं, पण बसच्या टायरवर तुम्ही लिहायचात तसंच लिहिलं. शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळायचे आहेत. हवा मात्र आता दर पंधरवड्याला बघावी लागेल, थंडी पाच-सहा अंशांनी वाढली की साधारण एक पौंड उतरते. तुम्ही पहारीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायचात. मला ते जमत नाही, मी मीटर घेतलाय. आणि नक्षीची खोली पाच मिलिमीटरच्या खाली गेली की हे टायर बर्फात भरवशाचे राहत नाहीत. आपल्याकडे १.६ पर्यंत चालवतात, तो हिशोब इथे लावायचा नाही.

जानेवारीत तुम्ही दोघं येताय. विमानतळावर न्यायला मी याच टायरवर येणार आहे, आईला सांगा काळजी करू नको. पहिल्या रविवारी तुम्हाला एका मोठ्या, मोकळ्या पार्किंगमध्ये घेऊन जाईन. तिथे ताज्या बर्फावर मी ब्रेक मारतो, तुम्ही खाली उभं राहून गाडी कुठे थांबते ते पावलांनी मोजा. तुम्ही मोजलंत की मला खात्री वाटेल.

आईला लोकरी पायमोजे आणायला नको सांगा, इथे मिळतात. मेतकूट मात्र जरूर आणा.

तुमचा,
संजय