नकाशे शिकवता, मग मोजायलाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात नकाशावाचून अडलेल्या कामांची यादी करायला बसलो तर ती संपत नाही. पोटहिश्शाची मोजणी, सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) रेषा, पूररेषा, दरडीखालच्या वाड्यांचे पुनर्वसन, महामार्गात गेलेल्या जमिनीचे क्षेत्र, खारबंधाऱ्याच्या आतली खाजणे. ही कामे करू शकणारी माणसे इथल्या महाविद्यालयांतून आणि आयटीआयमधून पुरेशी तयार होत नाहीत. त्याचे कारण आम्हाला अभ्यासक्रमाच्या रचनेत दिसते. प्रवेशाचे दिवस आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

नकाशाचे शिक्षण आज दोन ठिकाणी मिळते आणि त्या दोन्ही ठिकाणांची एकमेकांशी ओळख नाही. भूगोल विभागात प्रक्षेपणे (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीती), समोच्च रेषांवरून उभे छेद, छायापद्धतीचे नकाशे आणि अलीकडे क्यूजीआयएस (नकाशे करण्याची संगणक प्रणाली) शिकवले जाते. पण संगणकावर जी माहिती येते ती तयार मिळालेली असते. ती जमिनीवरून कशी उचलली, किती सेंटिमीटरपर्यंत खरी, हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते. आयटीआयच्या ‘सर्वेक्षक’ व्यवसायात दोन वर्षे साखळी, प्लेन टेबल, लेव्हल, थिओडोलाइट, टोटल स्टेशन या मोजणीच्या उपकरणांवर हात बसतो, मात्र प्रक्षेपण, डेटम (मोजणीला आधार धरलेला पृथ्वीचा आकार आणि आरंभ), जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) यांचा पाया कच्चा राहतो. भूमि अभिलेख विभागाच्या भूकरमापक पदासाठी अलीकडच्या भरतीत स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा दहावीनंतरचे सर्वेक्षकाचे दोन वर्षांचे प्रमाणपत्र मागितले होते. म्हणजे भूगोलात एम.ए. झालेली मुलगी नुसत्या त्या पदवीवर अर्जसुद्धा करू शकत नाही. पुढे शिकायचे तर पुणे, मुंबई, हैदराबादची राष्ट्रीय भूमाहिती संस्था किंवा देहरादूनची आयआयआरएस (भारतीय सुदूर संवेदन संस्था). आयआयआरएसचे ऑनलाइन वर्ग विनाशुल्क आहेत आणि चांगले आहेत. पण उन्हात पट्टी उभी कशी धरायची, हे पडद्यावरून येत नाही.

हे दोन तुकडे वेगळे राहिले की काय होते, ते नेमके सांगायला हवे. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची जुनी नकाशापत्रके एव्हरेस्टच्या लंबगोलावर, म्हणजे पूर्वी मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर, बेतलेली आहेत. मोबाइल, ड्रोन आणि जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान सांगणारी) उपकरणे डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक डेटमवर चालतात. जुन्या पत्रकाच्या कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश तसेच डब्ल्यूजीएस-८४ म्हणून भरले, तर कोकणात सगळा नकाशा शंभर मीटरहून जास्त सरकतो. पडद्यावर तो सुबक दिसतो, सगळ्या रेषा एकमेकींशी जुळतात, त्यामुळे शंका येत नाही. उपग्रहचित्र खाली लावल्यावर साकव पऱ्यावर नसून शेजारच्या भातशेतीत आहे, हे दिसते. मग विद्यार्थी नकाशा माऊसने ओढून जागेवर आणतो, आणि इथे खरी हानी होते, कारण आता ती चूक कुठेही नोंदवलेली राहत नाही. योग्य क्रम असा: आधी पत्रक त्याच्या मूळ डेटमवर बसवायचे, मग रूपांतर करायचे, आणि क्षेत्रफळ किंवा अंतर काढण्यापूर्वी सारे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात आणायचे. संपूर्ण कोकण किनारा याच पट्ट्यात येतो. हे न करता अंशांमध्ये असलेल्या थरावर २०० मीटरचा बफर (भोवतीचा पट्टा) मागितला, तर संगणक २०० अंशांचा बफर काढतो. ती चूक निदान लगेच दिसते. चौरस अंशांत आलेल्या क्षेत्रफळाला अंदाजाने गुणून अहवालात घातले, तर कोणालाच दिसत नाही.

उंचीचेही तसेच. जीएनएसएस उपकरण मुळात लंबगोलापासूनची उंची देते. आपल्या किनाऱ्यावर सरासरी समुद्रसपाटीच त्या लंबगोलाच्या साठ मीटरहूनही खाली आहे, त्यामुळे पुळणीवर उभे राहिले तर आकडा उणे साठच्याही खाली जातो. त्यात भूआभाची (सरासरी समुद्रसपाटीला जुळणाऱ्या पृष्ठाची) दुरुस्ती करावी लागते. शिवाय नाविक तक्त्यांवरची खोली सरासरी समुद्रसपाटीपासून मोजत नाहीत, ती ओहोटीच्या खालच्या पातळीपासून मोजतात. बंदराच्या कामात हे तीन शून्य एकत्र आले की जेटीची उंची चुकते. पदवीच्या तिन्ही वर्षांत या गोष्टीला एक तास मिळाला तरी पुष्कळ, अशी स्थिती आहे.

प्रमाणाचा प्रश्न तर जिवाशी येतो. १:५०,००० च्या पत्रकावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, आणि समोच्च रेषांमधले अंतर २० मीटर. वाशिष्ठीच्या काठचे सखल चिपळूण अशा दोन रेषांच्या मधे मावते. २२ जुलै २०२१ च्या पुराचे पाणी कुठल्या आळीत किती चढेल, हे त्या पत्रकावरून सांगताच येत नव्हते. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूरची इरशाळवाडी दरडीखाली गेली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशे १:५०,००० चे आहेत. ते तालुक्याला उपयोगी आहेत. वाडीतले कुठले घर आधी हलवायचे हे ठरवायला १:५,००० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणाचा नकाशा आणि एक-दोन मीटरच्या समोच्च रेषा लागतात. किनारा व्यवस्थापनाचे आराखडे १:२५,००० चे असतात. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे साडेबारा मीटर, म्हणजे एखाद्याचे अख्खे घर. म्हणून गावपातळीला १:४,००० चा नकाशा लागतो, तिथे तीच रेघ दोन मीटरची होते. हा हिशेब बारावीच्या मुलालाही करता येतो, पण परीक्षेत प्रमाणाची व्याख्या विचारतात, हा हिशेब नाही.

जुना गावनकाशा संगणकावर बसवणे हे कोकणात सर्वांत जास्त मागणी असलेले काम आणि सर्वांत वाईट शिकवलेले. स्कॅन केलेला कागद लांबीत आणि रुंदीत सारखा आकसलेला नसतो, घडीवर ताणलेला असतो. विद्यार्थी चार कोपरे घेतो, त्रुटी शून्याजवळ दाखवली की खूश होतो. नकाशा जागेवर बसवणाऱ्या पहिल्या घाताच्या गणिती रूपांतरणाला नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखता येणारे किमान ३ बिंदू लागतात, दुसऱ्याला ६. नेमके तितकेच बिंदू दिले तर त्रुटी शून्यच येणार, ते बरोबर असल्याचे लक्षण नव्हे. निदान दहा बिंदू घ्यावेत: तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुन्या विहिरी, न हललेल्या गडग्यांचे (दगडी कुंपणांचे) कोपरे, देवळाचा चौथरा. त्यांपैकी तीन-चार बाजूला ठेवून उरलेल्यांवर नकाशा बसवावा आणि बाजूला ठेवलेल्यांवर तपासावा. तिसऱ्या घाताचे रूपांतरण बिंदूंपाशी छान जुळते आणि मधल्या वरकस जमिनीत नकाशा पिरगळून टाकते, म्हणून ते शक्यतो टाळावे. ज्याला टिपण, गुणाकार बुक आणि फाळणी बारा या मोजणीच्या जुन्या नोंदी वाचता येतात, ३३ फुटांची साखळी नि तिचे १६ आणे माहीत आहेत, ३३ फूट चौरसाचा गुंठा म्हणजे १.०१ आर हे कळते, तोच हे काम निभावून नेईल. हे ज्ञान भूमि अभिलेखच्या जुन्या कर्मचाऱ्यांकडे आहे. त्यांना अतिथी अध्यापक म्हणून बोलावण्याची तरतूद नियमात बसवायला हवी. निवृत्त माणसे अजून आहेत तोवर.

कोकणातल्या जमिनीचे स्वतःचे धडे आहेत आणि ते पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत मिळणार नाहीत. मोकळ्या सड्यावर (कातळाच्या माळावर) रोव्हर, म्हणजे हाती घेऊन फिरायचे जीएनएसएस उपकरण, एक-दोन सेंटिमीटर अचूकतेचा ‘फिक्स’ देतो. माडा-पोफळीच्या आगरात किंवा हापूसच्या जुन्या बागेत तो ‘फ्लोट’वर (पक्क्या न झालेल्या स्थानावर) जातो, चूक अर्ध्या मीटरवरही जाऊ शकते, आणि आकडे मात्र तीन दशांश स्थळांपर्यंत दिसत राहतात. अशा वेळी बाहेर मोकळ्यावर, एकमेकांना दिसणारे दोन बिंदू रोव्हरने घ्यायचे, शक्यतो शंभर मीटरच्या अंतराने, आणि तिथून टोटल स्टेशनने आगरात शिरायचे. खोलगट वाडीत मोबाइलची रेंज नसली तर कॉर्स केंद्राची (कायम चालू असलेल्या जीएनएसएस केंद्राची) दुरुस्ती पोचत नाही. तेव्हा स्वतःचा बेस (स्थिर उपकरण) मांडून रेडिओवर काम करावे लागते. हे न शिकलेला मुलगा उपकरण बिघडले असे सांगून परत येतो. गडगा दोन-तीन फूट रुंद असतो, बिंदू मध्यावर घेतला की कडेवर, हे वहीत लिहावेच लागते.

ड्रोनबद्दलही एक सांगू. स्वामित्व योजनेत ड्रोनने केलेले गावठाणाचे नकाशे १:५०० चे आहेत. वरून दिसते ते छप्पर. आपल्याकडे पावसामुळे कौलारू घराची वळचण भिंतीच्या बरीच बाहेर असते. भिंतीने मोजून १० बाय ८ मीटर असलेले घर, चारही बाजूंनी पाऊण मीटर वळचण धरली तर ११.५ बाय ९.५ होते, ८० चौरस मीटरचे १०९. त्यामुळे ड्रोनच्या प्रत्येक नकाशानंतर टेपने काही घरे पडताळणे हा अभ्यासक्रमाचा भाग हवा.

लेव्हलिंगला, म्हणजे उंचीतला फरक मोजण्याला, तर पर्यायच नाही, आणि ते स्वस्तही आहे. ऑटो लेव्हल, तिकाटणे आणि चार मीटरची पट्टी एवढ्यावर सहा मुलांचा गट काम करतो. सुरुवातीला दोन खुंट्यांची चाचणी करून उपकरण तपासायचे. उपकरणापासून मागच्या आणि पुढच्या पट्टीचे अंतर सारखे ठेवायचे, म्हणजे उरलेला दोष आपोआप कटतो. फेरा जिथून सुरू केला तिथेच संपवायचा. साध्या कामाला मान्य चूक म्हणजे किलोमीटरमधल्या अंतराचे वर्गमूळ गुणिले २४ मिलिमीटर. चार किलोमीटरच्या फेऱ्याला ४८. त्याहून जास्त आली तर काम पुन्हा करायचे. आकडे ‘जुळवून’ आणणारी वही नापास व्हायला हवी, आणि जास्त चूक आली हे प्रामाणिकपणे लिहून फेरा पुन्हा केलेल्या वहीला पूर्ण गुण हवेत. दुपारी कातळ तापला की दृष्टिरेषा जमिनीलगत नाचते, म्हणून पट्टीवरचे वाचन अर्ध्या मीटरच्या वर ठेवावे आणि सकाळी दहाच्या आत निम्मे काम उरकावे.

याच लेव्हलने किनाऱ्याचा छेद घेता येतो. पुळणीमागे पक्क्या जागी, जांभ्याच्या चिऱ्यावर किंवा देवळाच्या पायरीवर खूण करायची आणि तिथून पाण्यापर्यंत दर पाच मीटरला उंची घ्यायची. हे पावसाआधी मे महिन्यात आणि नंतर ऑक्टोबरात, त्याच रेषेवर. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, हिवाळ्यात ती बरीचशी परत येते. एकाच छेदावरून धूप झाली असा निष्कर्ष काढणारे अहवाल का चुकतात, हे विद्यार्थ्याला दोन आलेख एकमेकांवर ठेवले की समजते. वेळ उधाणाच्या ओहोटीची निवडावी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेनंतरचा एखादा दिवस. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत पुळण पुरेशी उघडी पडत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोळीवाड्यातला हिशेब मुलांनी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही किती जुळतात आणि कुठे सुटतात, हा एका प्रात्यक्षिकाचा उत्तम विषय आहे.

मराठी नावांची हेळसांड हा वेगळाच त्रास. शेपफाइल या नकाशाच्या संगणकीय फाइलमध्ये माहितीच्या स्तंभाच्या नावाला १० बाइट मिळतात. देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे तीन चिन्हांत नाव तुटते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली वाडीची नावे दुसऱ्या संगणकावर अगम्य होतात. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरावा, सारे युनिकोडमध्ये टंकावे, आणि वाडीचे नाव वाडीत विचारून लिहावे. इतके साधे आहे, तरी ते कुणी शिकवत नाही.

आता मागणी. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला कौशल्याचे आणि प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक (क्रेडिट) आहेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक ३० तासांचा. दोन श्रेयांक म्हणजे ६० तास. मुंबई विद्यापीठाच्या भूगोल अभ्यासमंडळाने किनारी जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांसाठी हे ६० तास जमिनीवरच्या मोजणीला द्यावेत: २० लेव्हलिंगला, २० टोटल स्टेशन आणि जीएनएसएसला, २० गावनकाशा बसवून तपासायला. वेळापत्रकात ते दिवाळीनंतर ठेवावेत. जून ते सप्टेंबर सड्यावर उपकरण मांडता येत नाही, आणि आज बहुतेक प्रात्यक्षिके त्याच सत्रात अडकतात. प्रत्यक्ष कामाचे चार श्रेयांक, म्हणजे १२० तास, तालुका भूमि अभिलेख कार्यालयात करू द्यावेत. उपकरणे प्रत्येक महाविद्यालयाने घ्यायची गरज नाही. जवळच्या आयटीआयमध्ये ती असतात. शनिवारी ती भूगोलाच्या मुलांना मिळावीत आणि बदल्यात आयटीआयच्या मुलांना महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा मिळावी. यासाठी प्राचार्य आणि आयटीआयचे प्रमुख यांच्यात एक लेखी करार पुरेसा आहे.

आणि भूमि अभिलेख विभागाला विनंती, की हे प्रात्यक्षिक श्रेयांक पूर्ण केलेल्या भूगोल व भूमाहितीशास्त्राच्या पदवीधरांना भूकरमापकाच्या भरतीत, मोजणीची प्रत्यक्ष चाचणी घेऊन, पात्र धरावे. सेवाप्रवेश नियमांत तशी दुरुस्ती झाली तरच विद्यार्थी या ६० तासांकडे गांभीर्याने पाहतील.

आपले नम्र,
भूगोल व सर्वेक्षण विषयांचे काही अध्यापक, रत्नागिरी जिल्हा