चेंडू फिरवू नकोस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फ्रीकिकचे अकरा व्हिडिओ पाहिले. सात किक बारवरून गेल्या, तीन समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीत अडकल्या, आणि एक आत गेली, तीही गोलकीपरचा पाय घसरला म्हणून. खाली तू लिहिलंयस, ‘जुनिन्योसारखी मारली’. पण अकराही वेळा तू चेंडू वळवायला बघते आहेस. लांबून मारताना ब्राझीलच्या त्या जुनिन्योची सगळी धडपड असायची ती चेंडू फिरूच नये यासाठी.

फिरणारा चेंडू तसा सरळमार्गी असतो. जिकडे फिरकी तिकडे वळण, आणि चांगल्या गोलकीपरला ते चेंडू सुटताच कळतं. न फिरणाऱ्या चेंडूचं तसं नाही. त्याच्या शिवणींवरून हवा कधी या बाजूने आधी सुटते, कधी त्या बाजूने, त्यामुळे तो हेलकावे खात जातो. शिवाय वेगात असताना त्याला हवेचा अडथळा कमी होतो आणि वेग एका मर्यादेखाली आला की एकदम वाढतो. म्हणून भिंतीवरून गेलेला चेंडू गोलच्या तोंडाशी अचानक बसतो. नोव्हेंबर २००३ मध्ये म्युनिकला, बायर्नविरुद्ध, जुनिन्योच्या किकवर ऑलिव्हर काहनसारखा गोलकीपर झेपावला तो थेट खांबावर आदळला. चेंडू आत. त्याच्या फ्रेंच क्लबने, लियोंने, तो सामना २-१ जिंकला.

आता पायाचं बघ. चेंडू ठेवताना हवा भरायचं तोंड आपल्याकडे ठेव. त्यात जादू काही नाही, दर वेळी चेंडू सारखाच ठेवला जातो एवढंच. मागे तीन-चार पावलं जा, जवळजवळ सरळ रेषेत. तू फार बाजूने येतेस, तिथेच फिरकी सुरू होते. आधाराचा डावा पाय चेंडूच्या शेजारी, वीतभर अंतरावर, आणि त्याचं टोक लक्ष्याकडे. तुझा तो पाय चेंडूच्या मागे पडतो, मग अंग मागे झुकतं आणि चेंडू बारवरून जातो. सातही किकना तेच झालंय.

उजव्या पायाचा घोटा ताठ, टोक खाली आणि किंचित बाहेर. बुटाच्या लेसच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळापासून वर जे कडक हाड आहे, ते चेंडूच्या उभ्या मध्यरेषेवर, मध्याच्या अंगठाभर खाली लागलं पाहिजे. रेषेच्या डावी-उजवीकडे बोटभर सरकलं तरी चेंडू फिरणारच. घोटा सैल राहिला तरी तेच. लागल्यावर पाय लक्ष्याच्या दिशेने थोडाच पुढे न्यायचा, दुसऱ्या पायावरून आडवा ओढायचा नाही. आवाजही ऐक: नीट लागला तर ठप्प असा भरीव येतो, फिरकी लागली तर घासल्यासारखा. इटलीच्या आंद्रेआ पिर्लोने जुनिन्योच्या किक खूप अभ्यासल्या आणि शेवटी ठरवलं की चेंडू खालून, तीन बोटांनी मारायचा, पाऊल सरळ ठेवून. ते वाचून बोटाने टोचायला जाऊ नकोस, नखं काळी होतील. चेंडूला लागतो तो भाग फार लहान असतो, एवढंच त्यातून घे.

आणि अंतर. भिंत ९.१५ मीटरवर असते. तू १८ मीटरवरून हे करत होतीस, तिथे चेंडूला वर जाऊन खाली बसायला जागाच नाही. तिथून तुझी वळवायचीच किक बरी. ही किक २५ ते ३० मीटरची.

लोक जुनिन्योला फ्रीकिकवालाच समजतात, मला ते पटत नाही. तो मुळात मिडफिल्डर. जन्म १९७५ चा, रेसिफेचा. नावातलं पेर्नांबुकानो हे त्याच्या राज्यावरून आलं, कारण वास्कोत साओ पाउलोकडचा दुसरा एक जुनिन्यो होता. (वास्को म्हणजे रिओतला क्लब, गोव्यातलं गाव नव्हे, दर्यावर्दी मात्र तोच.) १९९८ च्या लिबेर्तादोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत ब्वेनोस आयरेसला, रिव्हर प्लेटच्या मैदानावर, त्याच्या लांबच्या फ्रीकिकने वास्को अंतिम फेरीत गेलं. वास्कोचे लोक आजही त्या गोलचं गाणं म्हणतात.

युरोपात तो गेला २००१ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी. तोवर लियोंने फ्रान्सची लीग एकदाही जिंकली नव्हती. २००२ ते २००८ सलग सात जिंकल्या, चार वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली. शेजारी कधी दियारा, कधी एसियें, कधी तियागो. माणसं बदलत गेली, मधल्या फळीत तो राहिला. क्लबसाठी १०० गोल, त्यातले ४४ फ्रीकिकवर. उरलेले ५६ विसरू नकोस. ब्राझीलसाठी मात्र ४० सामने आणि ६ गोल एवढेच. २००६ च्या विश्वचषकात फ्रान्सकडून हरल्यावर तो संघातून बाजूला झाला. २०११ मध्ये किमान पगारावर वास्कोत परतला आणि पहिल्याच सामन्यात, कोरिंथियन्सविरुद्ध, सुरुवातीच्या काही मिनिटांत फ्रीकिकवर गोल केला. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

बाजूने मिळालेल्या फ्रीकिकवर तो वेगळंच करायचा. गोलकीपर आणि बचावफळी यांच्यामधल्या पट्ट्यात, लांबच्या खांबाकडे चेंडू टाकायचा. कुणाचं डोकं लागलं तर गोल, कुणाचंच नाही लागलं तरी गोल, आणि गोलकीपर त्या डोक्याची वाट बघत जागीच राहतो. २००९ मध्ये बार्सिलोनाविरुद्ध डावीकडून मारलेला त्याचा चेंडू गोलकीपर वाल्देसच्या डोक्यावरून असाच आत गेला. हे तुला आत्ताच जमेल, ताकद कमी लागते.

रोज पन्नास किक मारायच्या नाहीत. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा-पंधरा, सरावाच्या शेवटी नव्हे तर अंग गरम झाल्यावर लगेच. थकल्या पायाने मारलं की जांघेचा स्नायू धरतो आणि मग महिनाभर बसून राहावं लागतं. जांघेत ओढ वाटली तर त्या दिवशी तिथेच थांब. पाऊस असेल तर जुना, पाणी प्यायलेला चेंडू घेऊ नकोस. तो जड होतो आणि तू नकळत पाय मागून आणायला लागतेस.

पुढचा व्हिडिओ मागून नको, बाजूने काढायला सांग. मागून डावा पाय कुठे पडतो ते दिसतच नाही.

तुझा,
बाबा