शुभाला ट्रॉफी दुपारी मिळाली

नाशिक
सोमवार, रात्र

प्रिय सुहास,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी धड बोललो नाही. हॉलबाहेर गर्दी होती आणि घशात आवंढा अडकला होता. म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

आनंदाची गोष्ट आधी. आपल्या शुभाला वेशभूषेचं पारितोषिक मिळालं. तू दरवर्षी तिच्याकडून राखी बांधून घेतोस, तेव्हा हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.

त्या सिनेमासाठी तिनं काय केलं हे मी घरात बसून पाहिलंय. गोष्ट घाटावर धुणी धुणाऱ्या एका बाईची, पंधरा वर्षांची. पडद्यावर ती बाई सगळी मिळून चारच लुगडी नेसते. शुभानं प्रत्येक लुगड्याचे तीन जोड केले: एक नवंकोरं, एक धुऊन विटलेलं, एक ठिगळ लावलेलं. विटवायला चहाचं पाणी, सोडा, गच्चीवरचं ऊन आणि खरखरीत दगड. पदराचा काठ कुठं झिजेल हे कळावं म्हणून ती चार दिवस रामकुंडावर जाऊन बसली होती. बाई वाकून धुते, तर गुडघ्यापाशी कापड आधी पातळ होतं. खांद्यावरचा रंग ऊन लागून उडतो. शूटिंग क्रमानं होत नाही हे तुला माहीतच आहे. सकाळी म्हातारपण, दुपारी लग्न. म्हणून तिच्या वहीत प्रत्येक सीनपुढं लिहिलेलं: कुठलं लुगडं, कितवा जोड, ओलं किती, काष्टा कसा खोचलेला. ती वही मी तुला दाखवणार आहे.

आता परवाचं. समारंभ संध्याकाळी साडेसहाचा, पण शुभाला बोलावणं दुपारी तीनचं. संकलन, ध्वनी, रंगभूषा, वेशभूषा, कला दिग्दर्शन, छायाचित्रण, सिनेमाची आणि मालिकांचीही, ही सगळी पारितोषिकं तेव्हाच द्यायची ठरली होती. हॉलमध्ये आम्ही घरचे मिळून वीसेक माणसं. माईक अजून लागला नव्हता. रंगमंचावर लाईटवाला शिडीवर चढून दिवे बांधत होता. नाव घेतलं, ट्रॉफी दिली, फोटो काढला, पुढचं नाव. शुभा दोन वाक्यं बोलायची म्हणून रात्रभर घोकत होती. तिला कुणी बोल म्हटलंच नाही. शिडीवरच्या त्या माणसानं मात्र हातातला पाना खोचून ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. शुभा म्हणते, मला तेवढं पुरे. सुहास, मला नाही पुरत.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. आई ठेवणीतली पैठणी नेसून आली होती. मध्येच पडद्यावर नावांची पट्टी सरकली, आणि त्याच वेळी निवेदक एका मालिकेतल्या जोडीला त्यांच्या लग्नाबद्दल विचारत होते. आई चष्मा सावरून पुढं वाकली. शुभाचं नाव सापडेपर्यंत ते निघून गेलं होतं. घरी येताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "तिचं नाव नीट वाचलं का रे कुणी?"

काल सकाळी मी पांडवलेणीच्या पायथ्याशी, फाळके स्मारकात जाऊन बसलो. फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले ते १८७० साली, आणि १९४४ मध्ये गेले ते इथंच, नाशकात. आपण शाळेत पाठ केलेलं हेच. पण काल मला सारख्या आठवत होत्या त्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' ज्या फिल्मवर उतरला, तिला कडेची भोकं घरीच पाडावी लागत, आणि तीही अंधारात. ते काम त्या बाई शिकल्या. रसायनं कालवणं, फिल्म धुणं शिकल्या. दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, आणि साठसत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याचकडे. तारामती झाले होते अण्णा साळुंके. पुढं १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तेच राम आणि तेच सीता. पुरुषाला लोकांनी सीता मानलं, त्यात त्या लुगड्याचा वाटा केवढा असेल, हे शुभाचं काम पाहिल्यावर मला कळतंय. दादासाहेबांच्या नावाचं पारितोषिक १९६९ पासून दिलं जातं, देविकाराणींपासून. ते फार मोलाचं आहे. पण आपल्या गावात पडदा, पट्टी आणि नावं याबद्दल बोलताना सरस्वतीबाईंना तरी विसरू नये.

बाहेरही असं झालंय. २०२२ साली ऑस्करवाल्यांनी संकलन, ध्वनी, रंगभूषा, कला दिग्दर्शन धरून आठ पारितोषिकं थेट प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधीच देऊन टाकली. त्यावरून बरीच नाराजी झाली, आणि पुढच्याच वर्षी सगळी पुन्हा थेट कार्यक्रमात आली. इंग्लंडात बाफ्टानं, म्हणजे तिथल्या सिनेमा-टीव्हीच्या अकादमीनं, टीव्हीच्या तांत्रिक पारितोषिकांची रात्र २००० पासून वेगळी काढली आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही. वेगळी रात्र असू दे, पण ती पुरी त्यांची असू दे, आणि समोर भरलेल्या खुर्च्या असू देत.

आपल्या भानू अथैया आठव. कोल्हापूरची मुलगी, 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये, जॉन मोलो यांच्या जोडीनं, भारताला पहिलं ऑस्कर मिळवून देते. ती बाहुली नीट जपली जावी म्हणून त्यांनी २०१२ मध्ये अकादमीकडेच परत सोपवली. कपड्याचं काम करणाऱ्या बाईला सर्वांसमोर बोलावलं, म्हणून तर शुभासारख्या मुलीला कळलं की हेही एक काम आहे, आणि ते करता येतं.

आता मुद्द्याचं. पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून तुला विचारणा झाली आहे असं तू म्हणालास आणि मी काहीच बोललो नाही. हो म्हण. पण एक अट घाल: ज्यांना निवडशील त्या प्रत्येकाला संध्याकाळी, लोकांसमोर बोलवायचं, आणि एक मिनिट बोलू द्यायचं. वेळ नाही म्हणतील. गाणी दोन कमी करा म्हणावं. त्यांना राग येईल, पुन्हा बोलावणारही नाहीत कदाचित. तरी घाल. मी हे भाऊ म्हणून सांगतोय हे खरंच, पण त्या दुपारी शुभाच्या आधी एक ध्वनिमुद्रक उभे होते. तीस वर्षं काम केलेला माणूस. ट्रॉफी हातात घेऊन ते इकडेतिकडे बघत राहिले, आता थांबायचं की उतरायचं ते त्यांना कळेना. ते माझे कुणी नव्हेत.

शुभा बुधवारी पहाटे नव्या शूटिंगला निघते, चार ट्रंका भरून ठेवल्यात. तिला भेटायचं असेल तर उद्याच ये. कल्याणला पंचवटी धर, मी नाशिक रोडला घ्यायला येतो. ती दोन वाक्यं तिला अजून पाठ आहेत. आईला आणि मला तिनं ऐकवली, तूही ऐक.

तुझा,
प्रमोद