रविवारच्या पुरवणीतलं ‘ऑरेंज’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत ‘ऑरेंज’ शब्दाच्या जन्मकथेवर अर्धं पान दिलंत, चांगलंच केलं, पण निदान नागपुरात छापताना तरी कोणी एकदा वाचून पाहायचं होतं. लेखक म्हणतात इंग्रजांनी ‘अ नॉरेंज’चं ‘अ‍ॅन ऑरेंज’ केलं अन् ‘न’ गिळला. अहो, त्यांच्याकडे शब्द पोचला तो बिनानाकाचाच, इटालियनात ‘अरांचा’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘ओरेंज’, ‘न’ तिकडेच गळला होता. स्पॅनिशवाल्यांनी ‘नारांखा’ म्हणून तो सांभाळला. संस्कृत नारंग, मग फारसी, मग अरबी नारंज, एवढी वाट बरोबर दिली, त्याबद्दल आभार.

आणि हॉलंडच्या फुटबॉल टीमची नारिंगी जर्सी संत्र्यावरून, हे काहून छापलं बाप्पा? ती तिथल्या ऑरेंज राजघराण्यावरून, अन् ते घराणं दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंज गावाच्या नावाचं, रोमन लोक त्या गावाला अराउसियो म्हणायचे, फळाशी मुळात संबंधच नाही, नाव सारखं म्हणून रंग मागाहून चिकटला. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीला १७७९ मध्ये याच घराण्याचं नाव दिलं, पाणी नारिंगी दिसतं म्हणून नाही.

पण जे सांगायला पाहिजे होतं तेच लेखात नाही. मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमचे व्याही पुण्याहून आले, त्यांना वर्धा रोडवरच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात नेलं, म्हटलं नागपूरला आलात तर फ्रेश ऑरेंज ज्यूस घ्याच. आंबिया बहाराचे, म्हणजे संत्र्याच्या हंगामाचे दिवस, कळमन्याच्या बाजारात काटोल-नरखेडच्या संत्र्यांचे ढीग लागलेले, अन् टेबलावर आलं काय तर फिक्कट पिवळं, आंबट, वर दोन बर्फाचे तुकडे. विचारलं तर वेटर म्हणे, ‘सर, हा इम्पोर्टेड ऑरेंज आहे, संत्रा वेगळा. संत्र्याचा ज्यूस आपण ठेवत नाही.’ व्याही मिशीतल्या मिशीत हसून राहिले होते. दोन ग्लासांचे पाचशे साठ रुपये मोजले ते वेगळेच.

राग त्या पोराचा नाही. इंग्रजीत नुसतं ऑरेंज म्हटलं की बहुतेक वेळा स्वीट ऑरेंजच, घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या भाऊबंदातलं, अन् आपला सैल सालीचा संत्रा त्यांच्या हिशोबात मँडरिन. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ, अन् ऑरेंज सिटीतल्या पेपरात त्यावर एक ओळ नाही! बरं, २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो ‘नागपूर ऑरेंज’ याच नावाने, म्हणजे कागदोपत्री आपणही ऑरेंजच. मग मेन्यूवर आपल्याला जागा का नाही, हे त्या हॉटेलवाल्यांना तुमच्या बातमीदाराने विचारावं, मला तर विचारून झालं.

जाता जाता आणखी एक. पावसाळ्यात पहिल्या पानावर ‘नागपूरला ऑरेंज अलर्ट’ एवढंच छापता. आमच्या शेजारच्या काकू मला विचारतात, भाऊ, संत्र्याचे भाव पडले का? यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हातपाय हलवा, एवढं लिहायला किती जागा लागते हो? त्याच बातमीखाली गुडघेदुखीच्या तेलाची पाव पान जाहिरात मात्र बरोबर बसते.

आपला,
एक जुना वाचक, महाल, नागपूर