कुलूप लागलेला तलाव

बाथ (इंग्लंड), १४ जुलै २०२४

ती. अण्णा,
साष्टांग नमस्कार.

दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, "तिथं पोहतेस की नाही?" उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून हे पत्र.

ज्या रोमन कुंडांवरून या गावाला नाव पडलं, ती तिकीट काढून नुसती बघायची. पोहायचा खरा जुना तलाव एव्हन नदीच्या काठावर आहे. नाव क्लीव्हलँड पूल्स, साल १८१५. म्हणजे पेशवाई बुडायच्या तीन वर्षं आधीचा! कारण ऐकून हसाल. इथले लोक नदीत नागडे पोहायचे. १८०१ च्या कायद्यानं दिवसाढवळ्या तसं पोहायला बंदी आली, मग काठालाच तलाव बांधला. (आपल्याकडे लंगोटावर भागलं असतं.) मध्ये छोटं घर, दोन्ही बाजूंना कपडे बदलायच्या खोल्या, सगळी रांग चंद्रकोरीसारखी वळलेली. पुढे कोणी कॅप्टन एव्हान्स तो चालवायचा आणि त्याच्याकडे पाळलेलं बबून माकड होतं म्हणतात.

१९८४ ला तलाव बंद पडला. मधे काही काळ तिथं ट्राऊट मासेही पाळले! गावातल्या लोकांनी मात्र पिच्छा सोडला नाही. वीसेक वर्षं खटपट करून, नव्वद लाखांहून जास्त पौंड उभे करून सप्टेंबर २०२३ मध्ये तो पुन्हा उघडला. मी म्हटलं, आता थंडी, उन्हाळ्यात बघू. तिथंच चुकलं. जानेवारीत एव्हनला पूर आला, यंत्रांच्या खोलीत पाणी शिरलं आणि चार महिन्यांत पुन्हा कुलूप.

काल फाटकापर्यंत जाऊन आले. २०१९ च्या महापुरानंतर आपल्या तळघरातली पाण्याची मोटार उघडल्यावर आतून निघालेला तो चिकट काळा गाळ आठवला. तुम्ही तेव्हा कोणावर चिडला नाहीत, नुसती बादली मागितलीत. इथं लोक चिडलेत, नदीच्या इतक्या जवळ यंत्रं ठेवलीच कशी म्हणून. पण नदीकाठचा तलाव नदीपासून लांब नेणार कुठं?

तर सध्या मी क्लोरीनच्या बंदिस्त तलावात पोहते. पाठीला डबा बांधून तुम्ही सांगलीत कृष्णेच्या माई घाटावर ढकललंत, त्यापुढे हे अगदीच मिळमिळीत.

घाटावर मगर दिसली, असं आई म्हणाली. आणि पाणीही गढूळ असणार. पावसाळा सरेपर्यंत उतरू नका. आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर आहे, तेवढं रोज कळवा.

तुमची,
सुमी