पाचव्या डोसच्या आधी

इचलकरंजी, रविवार

चि. अभिजित,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा मेसेज मिळाला. नुसतं 'पोचलो'. भाऊबीजेच्या रात्री गच्चीवर जे झालं ते फोनवर पुन्हा निघालं तर दोघांचाही आवाज चढेल, म्हणून लिहायला बसलोय. सिगारेटबद्दल एक अक्षर लिहिणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय.

तू म्हणालास, "अण्णा, तुमचा मूत्राशयाचा कॅन्सर कापडाच्या प्रोसेसमधल्या रंगांचा आहे, माझी सिगारेट मध्ये आणू नका." मोबाइलवर दाखवलंस की फ्रँकफर्टच्या रेन नावाच्या सर्जनने १८९५ सालीच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी सापडल्याचं लिहून ठेवलंय. खरं आहे रे ते. ८६ साली मी रंगखात्यात लागलो तेव्हा डब्यातली पावडर उघड्या हातानेच काढायचो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बनियनवर घाम रंगीत उमटायचा. बेंझिडिन या कॅन्सर करणाऱ्या रसायनाच्या रंगांवर बंदी आली १९९३ मध्ये, तोवर माझी सात वर्षं झाली होती. पण तू त्या कामाला शिव्या घातल्यास ते मला लागलं. तू बालवाडीत असताना दारात उभा राहून 'आज अण्णांचे हात निळे' की 'आज हिरवे' असं ताईशी पैज लावून सांगायचास. त्याच हातांनी तुझी इंजिनिअरिंगची फी भरली. तू पास झालास त्या दिवशी अख्ख्या खात्याला पेढे वाटले होते मी.

पहिल्यांदा लघवी लाल झाली तेव्हा दुखलं नाही, जळजळ नाही, काही नाही. उष्णता झाली म्हणून धन्याचं पाणी प्यायलो, दोन दिवसांत साफ झाली. थांबलं म्हणजे बरं झालं असं धरून चाललो. दोन महिन्यांनी परत तेच झालं आणि परत थांबलं. असे चार महिने गेले. मग उजवी कूस भरल्यासारखी दुखायला लागली आणि सोनोग्राफीत कळलं, गाठ नेमकी उजव्या मूत्रनलिकेच्या तोंडाशी. लघवी वर तुंबून किडनी फुगली होती. ते चार महिने मी तुला सांगितलं नाही, हे चुकलंच. तुझ्या बाबतीत असं कधी झालं, एकदा जरी झालं, तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठायचा.

मिरजेला कमरेत इंजेक्शन देऊन दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, ते तू पाहिलंसच. तू रात्रभर स्टुलावर बसून पिशवी भरली की नर्सला हाक मारत होतास. मी त्या नळीकडे बघत पडलो होतो. आधी राणी रंग, पहाटे गुलाबी, सकाळी दहाला अगदी फिकट. जन्मभर शेड मॅच केल्या, पण कुठल्या शेडची एवढी वाट पाहिली नव्हती.

किडनीपासून मूत्राशयापर्यंत घातलेला तो स्टेंट, म्हणजे बारीक नळी, वीतभराहून थोडा लांब, दोन्ही टोकांना वळलेला, त्याने फार छळलं. दर तासाला जावं लागायचं, आणि लघवी सुटली की कुशीत कळ. पण किडनी त्यानेच मोकळी झाली. महिन्याने परत खरवडलं तेव्हा काढला. गाठ स्नायूत शिरलेली नाही, पण जात आक्रमक आहे. म्हणजे परत येऊ शकते.

आता ते लिहितोच. आई रागावली तर रागावू दे. तू खाली औषधं आणायला गेला होतास तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, रंग की बिडी? ते म्हणाले, "दोन्ही. तुमच्या डब्यांत ज्या जातीची रसायनं होती, त्याच जातीची धुरातही असतात. फुप्फुसातून रक्तात जातात, किडनी ती गाळते आणि लघवीबरोबर तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात." या आजारात निम्म्याच्या आसपास दोष एकट्या तंबाखूच्या धुराचा असतो म्हणे. अभी, मी सतराव्या वर्षी रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून बिडी धरली. रंगाच्या पोटी पगार मिळत होता. धुराच्या पोटी काय मिळालं? तू एसीत बसून काम करतोस, तुझ्या हाताला रंग लागू नये म्हणून तर मी...

राहू दे. तीस वर्षं ओढलेल्या माणसाने तुला शिकवावं, हे तुला पटत नाही, आणि तुझं खोटं नाही. मला माफ कर. त्या रात्री तुझ्या हातातली हिसकावली, तेही नको होतं करायला. सून बघत होती.

बीसीजीचे, म्हणजे टीबीच्या लसीचे, चार डोस झाले. तू नऊ दिवसांचा असताना दवाखान्यात तुझ्या डाव्या दंडावर टोचली, तीच ही लस. तू एवढा रडलास की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. अजून तो व्रण तुझ्या दंडावर आहे, परवा अंघोळीचं उटणं लावताना दिसला. तीच आता गाठ परत येऊ नये म्हणून नळीने माझ्या मूत्राशयात सोडतात आणि दोन तास धरून ठेवायची. त्या दिवशी संध्याकाळी थोडी कणकण येते. प्रत्येक वेळी संडासात ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबावं लागतं. कापड पांढरं करायला ड्रमच्या ड्रम हायपो वापरला, आता तोच बाटलीतून घरात आलाय.

गुरुवारी पाचवा डोस आहे. तू रजा काढू नकोस, ताई येतेय सोबत. पण तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघतील, त्या दिवशी जमलं तर ये. मला एकट्याला तो रिपोर्ट ऐकायचा नाही.

तुझा लायटर जुन्या जीन्सच्या खिशात निघाला. आईने टीव्हीच्या कपाटात ठेवलाय. मी त्याला हात लावलेला नाही.

तुझे,
अण्णा