झेड ड्राइव्ह परत मिळवून देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्या भाच्याएवढे असाल, पण आमच्या ऑफिसात सगळे तुम्हाला दादाच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. त्या दिवशी माझ्यावर आळ आला तो चारचौघांत, आणि तुम्ही तो दूर केलात तोही चारचौघांतच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. जीएसटीच्या ३बी रिटर्नला दोन दिवस उरलेले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला, म्हणून सरांनी एकेक मशीन बदलायला घेतलं होतं आणि पहिलं नवं मशीन माझ्या टेबलावर आलं. सकाळी चालू केलं, तर झेड ड्राइव्ह, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या मशीनवरून उघडणारं आमचं सामायिक फोल्डर, नाही. सांगलीतल्या आमच्या छोट्याशा कर सल्लागार ऑफिसात झेड ड्राइव्ह नाही म्हणजे काहीच नाही. क्लायंटची बिलं, बँक स्टेटमेंट, माझ्या अकरा वर्षांच्या एक्सेल शीट, सगळं पोटमाळ्यावरच्या त्या काळ्या डब्यात, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणाऱ्या साठवणीच्या यंत्रात.

त्या फोल्डरचा रस्ता, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, हातानं टाइप करून पाहिला. स्क्रीनवर इंग्रजीत आलं की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे हे फोल्डर उघडता येणार नाही. खरं सांगते दादा, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं, सरांनीच मला बंदी केली. बाकीच्या पाचही मशीनवर झेड चालू होता, त्यामुळे सगळ्यांचं एकच म्हणणं: ताई, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार. ओळखीतल्या एकांनी फोनवरून सांगितलं म्हणून फायरवॉल बंद केली, एसएमबी १ नावाचं फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीचं फीचर चालू केलं, मशीन दोनदा रीस्टार्ट केलं. तरी झेड काही येईना.

दुपारी तुम्ही आलात. खुर्चीत बसायच्या आधी म्हणालात, "ताई, फाइली जागेवर आहेत. तुमच्याकडून काही पुसलं गेलेलं नाही. फक्त या मशीनचा रस्ता अडलाय." सकाळपासून माझ्याशी असं कुणी बोललंच नव्हतं.

मग तुम्ही काय करताय ते एकेक सांगत गेलात. आधी शेजारच्या मशीनवर झेड उघडून पाहिला, म्हणजे डबा ठीक. मग माझ्या मशीनवरून डब्याच्या आयपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याला, पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी हाक, उत्तर आलं, म्हणजे वायर आणि स्विच ठीक. नावाऐवजी आयपी टाकून फोल्डर उघडायचा प्रयत्न, पुन्हा तोच मेसेज, म्हणजे नावाचा घोळ नाही. मग फाइली शेअर करायचं दार, म्हणजे ४४५ नंबरचं पोर्ट तपासलंत, तेही उघडं. दार उघडं आहे, पण आत घेत नाहीत. एवढं झाल्यावरच तुम्ही तो मेसेज शांतपणे पुन्हा वाचलात आणि मला त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून दाखवलंत: गेस्ट, म्हणजे नाव-पासवर्ड न देता आलेला पाहुणा.

आमचा डबा इतकी वर्षं कुणालाही नाव न विचारता आत घेत होता. विंडोज १० प्रो ते चालवून घ्यायचं. विंडोज ११ प्रो मात्र २४एच२ आवृत्तीपासून बिननावाच्या जोडणीला नकार देतं आणि समोरच्या डब्याकडून सहीची, म्हणजे निरोप खरा असल्याच्या डिजिटल खुणेची, खात्री मागतं. पाहुण्याला सही कुठून येणार? धोरण सरांचं नव्हतं, विंडोजचंच होतं. हे तुम्ही सरांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंत. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तुमच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही.

सरांना घाई होती, तेही बरोबरच. ते म्हणाले, ती अडवणूक काढून टाका, पाच मिनिटांचं काम. तुम्ही नाही म्हणालात. आवाज न चढवता विचारलंत, "सर, बाहेर बसलेल्या कुणी आपलं वायफाय घेतलं आणि मोबाइलवरून हा डबा उघडला तर?" स्वतःच्या मोबाइलवर उघडूनही दाखवलात. क्लायंटचे पॅन, आधार, पासबुकाची पानं, सगळं पासवर्डशिवाय. खोलीत कुणी काही बोललं नाही.

एसएमबी १ तर तुम्ही आल्याआल्याच बंद केलंत, फायरवॉल चालू केलीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या छिद्रातून जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांची कॉम्प्युटर बंद पाडली, हे मला तेव्हा कळलं. ज्यांनी फोनवर सुचवलं त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण मी तो दरवाजा तसाच उघडा ठेवून घरी गेले असते.

तुम्ही डब्यावर प्रत्येकाचं वेगळं नाव आणि पासवर्ड तयार केलात. पगाराचं फोल्डर फक्त सरांना. मी पासवर्डच्या चौकटीत मशीन उघडायचा सकाळचा चार आकडी पिन टाकत होते. तो पिन या मशीनपुरताच, डब्याला तो ठाऊक नाही, हेही समजावलंत. मधे १२१९ नंबरची एरर आली, कारण जुनी जोडणी अजून लटकत होती. नेट यूज ही कमांड लिहून ती तोडलीत आणि नवी जोडलीत. अक्षर झेडच ठेवलंत, कारण माझ्या शीटमधल्या लिंका झेडकडेच बोट दाखवतात. हे मी सांगितलं नव्हतं, तुम्ही विचारून घेतलंत.

जिना उतरता उतरता म्हणालात, बॅकअप? डब्यात दोन डिस्क आहेत ना, असं आम्ही म्हटलं. तो बॅकअप नव्हे, एकीवर पुसलं की दुसरीवरही पुसलं जातं, असं सांगून तुम्ही परत वर आलात. आता दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर प्रत निघते आणि ती डिस्क सर घरी नेतात.

२० तारखेला संध्याकाळी शेवटचं रिटर्न गेलं.

तुम्ही माझ्या वहीत लिहून दिलेलं पान मी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. गेल्या आठवड्यात नवी मुलगी रुजू झाली. तिला घाई होती, म्हणाली, ताई, सध्या तुमचाच पासवर्ड द्या ना. मी तिला पंधरा मिनिटं थांबवलं, सरांना डब्यावर तिचं स्वतंत्र नाव करायला लावलं आणि ते पान समोर ठेवून तिचा झेड मी स्वतः जोडून दिला.

मनापासून आभार, दादा.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची ताई